कोपऱ्यातली ढाल

“आली बघ परत,” हे म्हणाले.

चहाची कपबशी हातात घेऊन मी दारातच थांबले. संगणकाच्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, नखाएवढी लाल ढाल बसली होती. आदल्या संध्याकाळी मी स्वतः ती काढली होती. आमची लेक कावेरी पुण्याहून फोनवर सांगत होती आणि मी एकेक बटण दाबत होते. ‘खरंच काढायचं का?’ असं त्या यंत्रानं विचारलं. मी हो म्हटलं. मग ‘का काढता?’ असं विचारलं.

“आई, काहीही कारण दे.”

“अगं, पाहुणा निघतो म्हणून उठावा आणि उंबऱ्यावर उभा राहून परत बोलत बसावा, तसं चाललंय ह्याचं.”

“बोलू दे त्याला. तू हो म्हणत जा.”

शेवटी संगणक बंद झाला, पुन्हा सुरू झाला आणि कोपरा मोकळा दिसला. डोळ्यातलं कुसळ निघाल्यासारखं वाटलं. सकाळी देवपूजा झाल्यावर मी मुद्दाम जाऊन पाहिलं, तेव्हाही मोकळाच होता. आणि आता दुपारच्या चहाला ती आपली जागच्या जागी, जणू कधी उठलीच नव्हती.

ही ढाल म्हणजे जुना अँटिव्हायरस. निवृत्त झाल्यावर यांनी सांगलीहून संगणक आणला, त्याच्याबरोबर अँटिव्हायरसची सीडी आणली आणि कुणाची मदत न घेता स्वतःच्या हातानं बसवली. सीडीच्या खोक्यावरचा लांबलचक नंबर यांना तोंडपाठ. अख्खी नोकरी वीजखात्यात सबस्टेशनवर गेलेली, संरक्षण म्हटलं की यांचा जीव. पण त्या अँटिव्हायरसची मुदत संपली आणि छळ सुरू झाला. कावेरीचा मेल वाचायला बसावं, तर मधोमध लाल चौकट उभी राहायची आणि पिपाणी वाजल्यासारखा आवाज यायचा. कावेरीनं नवीन विकत घेऊन दिला. म्हणाली, “आधी जुना मुळासकट काढा. दोन अँटिव्हायरस म्हणजे दोन सवती. एकमेकींनाच चोर समजतात आणि घर बंद पाडतात.”

“तू नीट काढला नसशील,” हे म्हणाले.

“नीटच काढला होता.”

“मग परत कसा आला? त्याला काय पाय फुटले?”

कावेरीला फोन लावला, तर ती वैतागली. “आई, गावात कुणी जाणकार नाही का? एखाद्या माणसाला बोलव ना सरळ.”

यांनी पेपर तोंडासमोर धरला. पळसखेलमध्ये संगणकाचं काम करणारा एकच माणूस होता, आणि त्याचं नाव आमच्या घरात दोन वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.

दस्तगीर मुलाणी.

ते आधी सांगायला हवं. यांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. बिरू कोळेकर नावाचा तरणा हेल्पर मळ्यातल्या खांबावर चढला होता. खांबावर माणूस चढायचा असला की सबस्टेशनवरून ती लाइन बंद करतात. तो खाली उतरल्याचा निरोप येईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नसतो. यांनी लाइन बंद केली. मग ड्युटी बदलायची वेळ झाली. हे घरी निघाले, पुढच्या पाळीचा दस्तगीर आत गेला. आणि बिरू वर असतानाच लाइन चालू झाली.

यांचं म्हणणं, मी बंद लाइन दस्तगीरच्या ताब्यात देऊन बाहेर पडलो. दस्तगीरचं म्हणणं, मी आत पाऊल टाकलं तेव्हा ती चालूच होती, मी शिवलोसुद्धा नाही. खोलीत दोघंच होते आणि खटक्याला तोंड नसतं.

मी त्या दिवशी मळ्यात गेले होते. बिरूची आई हौसाबाई खांबाला मिठी मारून बसली होती. आमच्याकडच्या बाया रडतात ते गाण्यातच रडतात. दुःख आलं की ओवी आपोआप जुळते. हौसाबाई तारेकडं बघत म्हणत होती,

पाखरं बसली तारंवरी, त्यांना लागंना गं झळ
माज्या लेकाच्या हातात कसा उतरला जाळ

ते ऐकणाऱ्या कुणालाच मग अन्न गोड लागलं नाही.

खात्याची चौकशी व्हायची ती झाली, पण गावाचा निकाल बिरोबाच्या देवळात लागला. यांनी भंडारा उचलला. हळदीची मूठ कपाळाला लावून भरल्या देवळात म्हणाले, “मी बंद लाइनला हात लावला असंल, तर माझ्या घराचा दिवा इझू दे.” आमच्यात भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही. यांचे डोळे इतके स्वच्छ होते की लोकांनी तिथंच मान डोलावली. दस्तगीरही पुढं झाला होता. “मी पण उचलतो,” म्हणाला. मागून कुणीतरी बोललं, “तुला काय फरक पडतोय? तुजा देव न्हवं त्यो.” आज्ज्यापासून त्याच देवळापुढं ढोल वाजवत आलेलं त्याचं घर. त्यानं पुढं केलेला हात मागं घेतला.

हे हार घालून निवृत्त झाले. तो कंत्राटी होता. त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मग त्यानं बाजारात मोबाइल-संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलं.

माझी आई दळताना एक ओवी म्हणायची,

भरताराचा शब्द माज्या घराचा गं खांब
वादळवारा येतो, त्याला म्हनते मी थांब

मी त्या खांबाला टेकून बसले होते. कुणी डोळा वर करून बघायचं नाही, असं आमचं घर होतं, आणि ते त्या एका शब्दावर उभं होतं. म्हणून दस्तगीरचं नाव आमच्या उंबऱ्याच्या आत येत नव्हतं.

पण ढाल काही केल्या जाईना. मी पुन्हा काढली, ती पुन्हा आली. शेवटी बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन मी निघाले ती थेट त्याच्या दुकानापाशी.

दुकानासमोर हौसाबाई उभी होती. दर बाजाराला ती येते हे ऐकून होते, पाहिलं नव्हतं. डोईवरचा पदर नीट केला, दोन्ही हात वर उचलले आणि दुकानाकडं तोंड करून कडाकडा बोटं मोडली. “वाटोळं हुईल तुजं,” एवढंच म्हणाली, ओरडली नाही. बाजारातली माणसं वळसा घालून जात होती. दस्तगीर आत खुर्चीवरून उठून उभा राहिला होता, मान खाली घालून, थोरलं माणूस बोलताना उभं राहावं तसा. ती निघून गेल्यावर बसला आणि हातातला मोबाइल परत उघडायला लागला.

“दस्तगीर,” मी म्हटलं.

त्यानं वर पाहिलं. “काकी?” उठला, स्टूल पुसलं. “बसा की.”

“बसत नाही. घरचा संगणक अडलाय. अँटिव्हायरस निघत नाही.”

“नानांनी पाठवलंय?”

“मी आलेय.”

जरा वेळ तो स्क्रूड्रायव्हर बोटात फिरवत राहिला. “नाना घरात घेतील मला?”

“घर माझंही आहे,” मी म्हटलं. म्हणताना माझाच आवाज मला परका वाटला.

तो आला. चपला पार अंगणात काढल्या. हे पेपर वाचत होते. पान उलटलं, पण वर पाहिलं नाही. दस्तगीर संगणकासमोर बसला. हात तुरुतुरु चालणारे, मान जराशी वाकडी. काही वेळानं म्हणाला, “काकी, नुसतं काढून भागत न्हाई. हे बेणं बारीक मुळ्या ठेवतंय आत. मी हत्यार आणलंय, खणूनच काढतो.” त्यानं काढलं, बंद-चालू केलं, पुन्हा तपासलं. मग कावेरीनं दिलेला नवीन बसवला. कोपऱ्यात निळी खूण आली.

“जुनी सीडी कुठाय नाना? टाकून दिलेली बरी.”

पेपरामागून पहिला शब्द आला. “माझ्या वस्तू मी टाकत नाही.”

सीडी यांच्या खणात होती, पक्कड आणि टेस्टरच्या शेजारी, मऊ फडक्यात गुंडाळलेली. नोकरीतली सगळी हत्यारं तिथंच असायची.

दस्तगीर गेला. मी चहा केला होता, तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उठून पाहते तो पडदा गोठलेला. बाण गुळात अडकलेल्या मुंगीसारखा हलत होता. कोपऱ्यात निळी खूण आणि तिच्या शेजारी लाल ढाल. दोन सवती.

“बघितलंस?” हे खुशीत आल्यासारखे म्हणाले. “बोलव आता तुझ्या इंजिनिअराला.”

दस्तगीर आला तेव्हा यांनी पेपर बाजूला ठेवला होता. त्यालाच धारेवर धरायचं होतं म्हणून ठेवला होता.

“असं होत न्हाई,” तो पडद्याकडं बघत म्हणाला. “काकी, आईशप्पत, मुळासकट काढलं हुतं. आपसुक येणं शक्यच न्हाई. कुणी बसवल्याबिगर—”

“कोण बसवणार?” हे म्हणाले. “भुताटकी?”

“मी आसं न्हाई म्हणत नाना.”

“मग काय म्हणतोस? तू काढलं, आणि काढलेलं परत आलं. तुझ्या हातचं काम टिकतच नाही. वर आपलं, मी हात लावला न्हाई, मी हात लावला न्हाई. तेव्हाही तुझं हेच होतं.”

पिपाणी वाजली आणि लाल चौकट मधोमध उभी राहिली.

दस्तगीरनं ती बंद केली. पुन्हा सगळं खणून काढलं. हात आता तुरुतुरु चालत नव्हते, एकेक गोष्ट दोनदोनदा तपासत होता. जाताना अंगणात चपला घालून खालच्या आवाजात म्हणाला, “उद्या दुपारचा येऊन नुसतं बघून जातो काकी. मलाच आता कळंना झालंय.”

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. मी स्वयंपाकघरात फरशीवर आडवी झाले होते. यांची झोप तशी थोडीच. नोकरीत दुपारी ड्युटी बदलायची, त्या वेळेला हे आजही उठतात आणि घरभर फेरी मारतात. बंद काही दिसलं की यांचा हात शिवशिवतो. रिकाम्या खोलीतला पंखा चालू करतील. मी बंद केलेला अंगणातला दिवा भर उन्हात लावतील. मी म्हणायचे, सवय आहे. अलीकडं एकदा सकाळी अंघोळ करून आले आणि घटकाभरानं परत अंघोळीला गेले. टॉवेल ओला कुणी केला म्हणून माझ्यावरच चिडले. तेव्हाही मी म्हटलं, वय आहे. माणूस आपल्या सोयीचा शब्द शोधून ठेवतो.

त्या दुपारी मला खण उघडल्याचा आवाज आला. मग फडकं झटकल्याचा. मग संगणकाच्या पोटातून तो कप्पा बाहेर येतो, त्याची घरघर.

मी उठले. पावलं न वाजवता दारापाशी गेले.

हे खुर्चीवर ताठ बसले होते. अंगात घरातला बनियन, पण बसणं सबस्टेशनवरचं. सीडी कप्प्यात ठेवली, बोटानं हलकेच आत ढकलली. पडद्यावर चौकट आली. खोक्याकडं न बघता यांनी तो लांबलचक नंबर टाकला. एकही अंक चुकला नाही. चेहऱ्यावर शांतता होती, बाळाला पांघरूण घालताना असते तशी.

“अहो,” मी म्हटलं. “काय करताय?”

वळले नाहीत. “ड्युटी संपली.”

“कसली ड्युटी?”

“बंद हाय की ही. दिसत न्हाई व्हय? बंद ठिवून घरी जाऊ? गाव शिव्या देईल.” आवाज यांचा होता, पण जुना, तरणा. “दस्तगीर यायचाय. त्याच्या डोक्यावर कशाला ठिवू? बंद केलेलं चालू करावं आणि मग घरी जावं.”

माझ्या हाताला दाराची चौकट लागली. ती मी घट्ट धरली. तोंडातून शब्द कसे आले ते मला आजही सांगता यायचं नाही.

“खांबावर माणूस आहे.”

“कोण?”

“बिरू.”

यांनी क्षणभर विचार केला. खरंच केला. भुवया जवळ आल्या. मग बटणावर बोट ठेवलं.

“उतरला असंल की,” म्हणाले. आणि दाबलं.

पडद्यावर हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडं सरकायला लागली. हे खुर्चीवरून उठले, सीडी बाहेर आली ती फडक्यात गुंडाळली, खणात ठेवली, खण लावला. हात एकमेकांवर झटकले. माझ्या अंगावरून आत गेले आणि पलंगावर भिंतीकडं तोंड करून झोपले.

मी तिथंच खाली बसले. बाहेर उन्हात लिंबाच्या झाडावर पाखरं बसली होती, त्यांच्यामागं तार. ती तार मी लग्न होऊन आल्यापासून बघत होते. डोळे मिटले तरी तीच दिसत होती.

मनात एकच गोष्ट फिरत होती. हे खोटं बोलले नव्हते. भरल्या देवळात भंडारा कपाळाला लावला तेव्हाही नाही. या माणसाच्या अंतःकरणात त्या दुपारचं काही नव्हतंच. हातानं केलं आणि हाताबरोबरच पुसलं गेलं.

दस्तगीर आला तेव्हा हे उठून तोंड धुऊन बसले होते. चहा झाला होता. संगणक चालू केला. निळी खूण, लाल ढाल, गोठलेला बाण.

“संपला विषय,” हे म्हणाले. “आता तुझी दुकानदारी बंद कर. मी सांगतो गावाला, ह्याला काही येत नाही.”

“नाना,” दस्तगीर हळू म्हणाला, “रागावू नका. एक विचारतो. तुमी तर न्हाई ना बसवला? चुकून?”

हे उभे राहिले. मी यांना इतकं ताठ उभं राहिलेलं देवळानंतर पाहिलं नव्हतं. तडक देवघराकडं गेले, कोनाड्यातली भंडाऱ्याची वाटी घेतली, मूठ भरली. पिवळी धूळ बनियनवर सांडली.

“बिरोबाची आण,” म्हणाले. मूठ कपाळाला लावली. “मी याला हात लावला असंल, तर माझ्या घराचा दिवा इझू दे.”

तेच शब्द. तेच स्वच्छ डोळे. कपाळावर पिवळा ठसा आणि त्याखाली एखाद्या लेकराचे असावेत तसे डोळे. दस्तगीरनं मान खाली घातली, दुकानात हौसाबाईपुढं घालतो तशी. त्याची ती मान पाहिली आणि मी आईची ओवी सोडून दिली. खांब माझ्या हातून सुटला.

“यांनीच बसवला,” मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

“मघाशी. मी दारात उभी होते. सीडी घातली, नंबर टाकला, परत खणात ठेवली.”

“काय बोलतीस?” हे म्हणाले. रागानं नाही, भीतीनं. “मी? मी झोपलो होतो.”

“झोपायच्या आधी.” मग मी दस्तगीरकडं वळले. यांच्याकडं बघत ते बोलता आलं नसतं. “बंद ठेवून घरी कसं जायचं, म्हणाले. ड्युटी संपली, म्हणाले. मी म्हटलं, खांबावर बिरू आहे. तर म्हणाले, उतरला असेल.”

दस्तगीरच्या हातात माउस होता, तो त्यानं सावकाश खाली ठेवला, फुटेल म्हणून ठेवावा तसा. मग दोन्ही तळहात मांड्यांवर उपडे टाकले आणि त्यांच्याकडं बघत राहिला.

“दस्तगीर, तू हात लावला नव्हतास.”

“काकी,” तो म्हणाला. “मलाच वाटाय लागलं हुतं. की लावला असणार. सगळी म्हणत्यात, देव बी त्यांच्या बाजूनं, मग लावलाच असंल मी, आणि आपल्याला आठवत न्हाई. अब्बा मरताना म्हणाले, खरं सांग, मी कुणाला सांगत न्हाई. मी म्हणलं, लावला अब्बा.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “त्यांना बरं वाटावं म्हणून. लावला, म्हणलं. त्यावर त्यांनी डोळं मिटलं.”

हे मध्येच उभे होते, मूठ अजून मिटलेली. आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होते. “कोण उतरला?” म्हणाले. “कशातनं उतरला? मला कुणी सांगंल का?”

मी यांना खुर्चीवर बसवलं. मूठ उघडली, पदरानं तळहात पुसला. हळद पदराला लागली, निघाली नाही. “बसा जरा,” म्हटलं. “मी येते.”

“कुठं चाललीस?”

“हौसाबाईकडं.”

“बिरूच्या आईकडं? मग बिरूला म्हणावं, अंगणातला बल्ब गेलाय. सवडीनं येऊन बघ.”

दस्तगीर दाराबाहेर गेला होता. चपलेत पाय जात नव्हता, दोनदा खाली वाकला. “काकी, मी येऊ का न्हाई?” म्हणाला. “तिला मी दिसलो की तरास हुतो.”

“तू पुढं चल,” मी म्हटलं.

हौसाबाईचं घर गावाबाहेर, बेदाण्याच्या शेडजवळ. ती दारात सूप घेऊन बेदाणे निवडत होती. कचऱ्याचे देठ एकीकडं, काळे दाणे एकीकडं. दस्तगीर दिसला तशी तिची बोटं थांबली. माझ्याकडं बघितलं.

“काय गं मास्तरीण?” ती मला तेच म्हणायची, मी बालवाडी शिकवायचे म्हणून. “ह्याला कशाला आणलंस माज्या दारात?”

मी तिच्यासमोर भुईवर बसले आणि सांगितलं. यांचा रिकाम्या खोलीतला पंखा, दोनदाची अंघोळ, ती ढाल, सीडी, आणि ‘उतरला असंल की’. ढाल म्हणजे काय, हे तिला समजायचं कारण नव्हतं आणि तिनं विचारलंही नाही. ड्युटी सुटल्यावर बंद लाइन चालू करून घरी जायचं, एवढंच तिला पुरलं. दस्तगीर कुंपणापाशी उभा होता. शेडमधल्या बायांची बोलणी ऐकू येत होती.

बराच वेळ ती सुपातला एकच दाणा बोटात फिरवत राहिली.

“मला वाटायचं,” ती म्हणाली, “ह्या पोरानं न्हाई केलं.”

“वाटायचं?”

“उभा ऱ्हायचा की त्यो. मी बोटं मोडायची आणि त्यो उभा ऱ्हायचा. ज्यानं केलंय, त्यो आत पळून जातो, न्हाईतर उलटा बोलतो. उभा ऱ्हात न्हाई.” तिनं दाणा सुपात टाकला. “पर मला कुणीतरी लागत हुतं गं. बाजाराच्या दिवशी मी दोन घास खाऊ शकायची, ह्याच्या दारात जाऊन आल्यावर. न्हाईतर घास उतरायचा न्हाई.”

दस्तगीरनं कुंपणाच्या काट्यांकडं बघत डोळे पुसले.

“आता तुज्या नवऱ्याच्या दारात येऊ?” ती मला म्हणाली. त्यात राग नव्हता, खरंच विचारत होती. “काय करंल त्यो, मी बोटं मोडल्यावर?”

“तुम्हाला आत बोलावतील,” मी म्हटलं. “बिरू कसा आहे म्हणून विचारतील.”

तिनं सूप बाजूला सारलं. उठली. सवयीनं डोईवरचा पदर नीट केला आणि दोन्ही हात वर उचलले, बाजारात उचलते तसे. एकदा दस्तगीरकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, मग आमच्या डोक्यावरून पलीकडं, जिथं खांबामागं खांब मळ्याकडं गेले होते. बोटं पसरलेली होती, वाकायला तयार.

ती तशीच राहिली. मग तिनं हात खाली घेतले, पदरात झाकले आणि आत निघून गेली.